पंडुमआधीचं पन्हं

बाई,

दुपार झाली आहे आणि मी शाळेतल्या तुमच्या स्वैपाकघरात बसले आहे. तुमचं म्हणते ते सवयीनं. इथे आता कुणी रांधत नाही, पोरांचं जेवण पलीकडच्या नव्या शेडमध्ये शिजतं आणि ही खोली जुनी पुस्तकं, फुटके फळे आणि खोकी ठेवायची झाली आहे. चुलीच्या वरचा धुराचा पट्टा मात्र गेलेला नाही. दोनदा चुना मारून घेतला, दोन्ही वेळा पावसाळा सरला आणि तो पुन्हा वर आला, आता मी त्याच्या वाटेला जात नाही. खिडकीतून मोहाचा वास येतो आहे, गोड, जड. भर दुपारी डोळे मिटायला लागतात आणि मिटले की कुठलं साल चालू आहे ते समजत नाही. आत्ताच एक डुलकी लागली तर कुणीतरी राखेनं भगुणं घासत असल्याचा आवाज आला. उठून पाहिलं, पत्र्यावर वानरं होती.

मी खरं म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेला पत्र लिहायला बसले होते. कागद घेतला, तारीख घातली आणि खाली 'बाई' असं लिहिलं गेलं. खोडणार होते, पण हात त्याच वाटेनं पुढे निघाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही अडलं की हा हात अजून तुमच्याच दाराशी जातो. असो. अडलं आहे ते सांगते.

परवा पाहुणे येणार आहेत. शाळा अजून दूरच्या माणसांच्या मदतीवरच चालते, तुमच्या वेळी चालायची तशी. भामरागडपासून इथवर आता डांबरी रस्ता आहे, डोंगरावर टॉवर आहे, चिंचेखाली उभं राहिलं तर फोन लागतो. पण नदीच्या अलीकडे आमच्या पोरांना दुसरी शाळा नाही, ते काही बदललेलं नाही. पाहुण्यांनी हात काढून घेतला तर पोरं पुन्हा गुरांमागे जातील. दिवस मोहाचे आहेत. पहाटे फुलं पडतात आणि घरातलं चालतं-बोलतं माणूस झाडाखाली जातं, पोरं तर आधी जातात. मी तुमच्यासारखीच झाडाखाली फळा नेते, दहाच्या पुढे वेचणं आटोपलं की तिथेच वर्ग भरतो. शिकणं होतं, बाकं रिकामी राहतात. आणि बाकं नेमकी पाहुण्यांनी दिलेली आहेत. काल चिंचेखाली उभी होते तेव्हा संस्थेतल्या भाऊंचा फोन आला. म्हणाले, "ताई, मागच्या वर्षीसारखं करून ठेवा ना. बाकं भरलेली दिसली पायजे, बस."

मागच्या वर्षी मी काय केलं ते तुम्हाला सांगायला लाज वाटते. रस्त्यावरच्या मोठ्या गावातून जीप भरून पोरं आणली. एका सकाळपुरती. त्यांना आमच्या बाकांवर बसवलं, आमच्या पाट्या दिल्या, फोटो झाले, जीप परत गेली. फोटो फार सुंदर आले आहेत. पहिल्या बाकावर लाल रिबिनीची एक मुलगी पाटी छातीशी धरून हसते आहे. आता ज्या पाहुण्या बाई परवा यायच्या आहेत त्यांनी तीन महिन्यांपूर्वी पत्र लिहिलं की ती रिबिनीची मुलगी मला फार आवडली, तिच्या शिक्षणाचं मी बघेन, तिला म्हणावं मला चिठ्ठी लिही. मी तीन महिने उत्तर दिलेलं नाही. त्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नाही. या पाहुण्या बाई तिच्यासाठी रंगांची पेटी घेऊन येत आहेत असं भाऊ सांगत होते, आणि ती मुलगी परवा पुन्हा जीपमधून आणावी असं त्यांचं म्हणणं आहे.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "खोटं लिव्हलं का मंग पुढच्या साली ते ध्यानात ठेवा लागते, पोरी. खऱ्याले काई ध्यानात ठेवा लागत नाई." हे तुम्ही पहिल्यांदा याच खोलीत म्हणाला होतात. मी नऊ-दहा वर्षांची, चुलीपाशी उकिडवी बसलेली. भात उतू चाललेला. आमच्यापैकी प्रत्येकाचा दूर देशी कुणीतरी एक पालक होता, ज्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, आणि दिवाळीनंतर धान निघालं की त्याला चिठ्ठी लिहायची अशी रीत होती. चिठ्ठी मराठीत लिहायची, चंद्रपूरला संस्थेत कुणीतरी तिचं इंग्रजी करायचं. मला मराठी लिहायला चिठ्ठ्यांनीच शिकवलं. घरी आमची माडिया, वर्गात तुमची नागभीडची बोली, पुस्तकात पुस्तकी, आणि या तिन्हींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं मी इथवर आले.

हातमोजे आठवतात का? माझ्या पालक बाईंनी लोकरीच्या हातमोज्यांचं एक खोकं पाठवलं होतं. चंद्रपूरचं ऊन जगात कुठे दुसरं असेल तर सांगा, आणि आम्हाला हातमोजे. आम्ही ते दोन दिवस डोक्यावर घालून हिंडलो. मग तुम्ही ते चुलीपाशी टांगले आणि गरम भगुणं उतरवायला घेतले. मी चिठ्ठीत तेच लिहिलं, की तुमच्या हातमोज्यांनी आम्ही रोज भात उतरवतो, हात भाजत नाही. संस्थेच्या तेव्हाच्या भाऊंनी ते वाचून चिठ्ठी परत पाठवली, असं लिहू नये, त्यांना वाईट वाटेल. तुम्ही तीच चिठ्ठी, एक अक्षर न बदलता, दुसऱ्या पाकिटात घालून पुन्हा पाठवलीत. पुढच्या वर्षी पालक बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की हे वाचून आम्ही घरात सगळे खूप हसलो आणि मला एकदा तो भात बघायचा आहे. त्या खरंच आल्या आणि ज्या साली आल्या त्याच सालाची गोष्ट मला सांगायची आहे.

उन्हाळा लागला होता. त्यांच्याकडे त्या दिवसांत कसलीशी सुट्टी असते म्हणून पाहुणे नेमके आमच्या मोहात येतात. तुम्हाला इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. आमच्या बोलीतलं तुम्हाला जोहार, पाणी, बस आणि पळू नको एवढंच यायचं. आदल्या दिवशी एका मुलाला लू लागून तो ओसरीवर भोवंडून पडला होता. तुम्ही त्याच्या तळपायांना कांदा चोळत बसला होतात आणि तोंडानं स्वतःलाच रागावत होतात. रात्रीत वावटळ आली, शाळेमागच्या आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला. सकाळी आम्ही आलो तर तुम्ही ओच्यात कैऱ्या गोळा करताय. नागभीडला तुमची आई वादळातल्या पहिल्या कैऱ्यांचं पन्हं करायची, ते प्यायलं की लेकराला ऊन बाधत नाही, हे तुम्ही किती आनंदानं सांगत होतात. याच चुलीवर कैऱ्या उकडल्या. गूळ घातला, मीठ घातलं. रांगेत उभं करून प्रत्येकाच्या हातात ग्लास दिलात.

आमच्यात पहिला आंबा असा खात नाहीत, बाई. हे तुम्हाला नंतर चांगलंच कळलं, पण त्या सकाळी माहीत नव्हतं. कैरी असो की पिकला आंबा, आधी गावाचा पंडुम व्हावा लागतो, नव्या फळाचा सण. गायता, म्हणजे गावाचा पुजारी, पहिला आंबा भूमीला देतो, मग वाडवडिलांना, आणि मग आपल्याला. तोवर झाडाखाली पडलेल्या कैरीलाही कुणी तोंड लावत नाही. तोंड लावलंच तर वर्षाचं काही तरी बिघडतं, पाऊस नाही तर घरातलं माणूस. पंडुमला अजून आठ दिवस होते. पोरं ग्लास धरून उभी होती आणि पीत नव्हती. तुम्हाला वाटलं, लाजतात. "प्या ना रे, काऊन असे पाहून राह्यले? आवडलं नाई का?" पोरं आपसात काही कुजबुजली. तुम्ही मला विचारलंत, कारण तेव्हा मराठी धड येणारी मी एकटीच, तुमची चालती-फिरती डिक्शनरी. "काय म्हनून राह्यले वं ते?" मी म्हणाले, "आणखी पाहिजे म्हणतात." हातातले ग्लास भरलेले आणि वर आणखी, तुम्ही इतक्या हसलात की पदर खांद्यावरून घसरला. मग सगळ्यांनी प्यायलं. बाईंनी दिलं ते नको म्हणायचं नाही, हे तरी आम्हाला कुणी शिकवलं होतं? तुम्हीच.

गावाचा गायता म्हणजे माझा आजा. घरी गेले तेव्हा तो अंगणात मोह पालथा-उलथा करत होता. माझ्या फ्रॉकवर पन्हं सांडलेलं. त्यानं जवळ ओढून वास घेतला. फार शांत माणूस होता, रागावला तरी आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. अगदी हळू त्यानं विचारलं, हे कशाचं. मी म्हणाले, बाईंनी सगळ्यांना दिलं. सगळे प्यायले. मी नाही प्याले, माझ्या अंगावर दुसऱ्याचं सांडलं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, ती अशी. आजानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, माझी नात आहे. मी त्या हाताखाली उभी राहिले. मोहावर मुंग्या चालल्या होत्या, त्या मी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मीही नाही. कुणी भांडायला आलं नाही, दगड मारला नाही, नुसती वाट ओस पडली. आमचं गाव असंच रुसतं. मी गुरं घेऊन शाळेसमोरच्या उतारावरून जायचे तेव्हा तुम्ही ओसरीवर एकट्या बसलेल्या दिसायचात. एकदा तुम्ही घंटा वाजवलीत. वर्गात कुणी नसताना तुम्ही ती पुरी अकरा वेळा वाजवलीत, रोजच्यासारखी. ती घंटा मला अजून स्वप्नात ऐकू येते. स्वप्नात मी गुरं टाकून धावते आणि शाळा जवळच येत नाही.

आणि चौथ्या दिवशी पाहुणे यायचे होते. संस्थेतले भाऊ आदल्या दिवशीच एटापल्लीकडून जीप घेऊन आले. रिकामी शाळा पाहून त्यांचं तोंड उतरलं. पन्ह्यानं गावाचा नेम मोडल्याचं तोवर तुमच्याही कानावर आलं होतं. मी तेव्हा कुडाच्या कुंपणामागे होते, गाईचं निमित्त करून. ताकाला जाऊन भांडं लपवत होते, आल्याशिवाय राहवतही नव्हतं. भाऊ म्हणाले, "बाई, मी रोडवरच्या गावातून पोट्टे आणतो एक दिवसासाठी. पाव्हण्यायले काय समजते? यायले सारे पोट्टे सारखेच दिसते." आणि तुम्ही म्हणालात, "मले दिसत नाई ना सारखे." एवढंच. भाऊंनी बरंच समजावलं. मदत बंद झाली तर शाळा बंद होईल, तुम्ही नागभीडला जाल परत, या पोरांचं काय होईल. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "चूक मी केली. मंग ते पाव्हण्यायले मीच सांगतो. बाकं खाली आहे तं खाली दिसू द्या."

बाई, काल फोनवर भाऊंनी बाकं भरा म्हटलं तेव्हा मी 'हो बघते' असं म्हणाले. तुमच्यासारखं तोंडावर येत नाही मला.

पाहुणे आले. माझ्या पालक बाई उंच होत्या, पांढऱ्या केसांच्या, उन्हानं लालबुंद झालेल्या. तुम्ही त्यांना रिकामी बाकं दाखवलीत आणि सांगितलंत की मी गावाचा नेम मोडला म्हणून पोरं येत नाहीत. मग त्यांना घेऊन चालत आमच्या अंगणात आलात. मी दाराआड लपले होते, आजानं हाक मारून बाहेर बोलावलं. दुभाषी म्हणून. आजा आमच्या बोलीत बोलायचा, मी तुम्हाला मराठीत सांगायचे, तुम्ही भाऊंना, भाऊ पाहुण्यांना. एक वाक्य तीन घरं हिंडून पोचायचं आणि मधे सगळे गप्प बसायचे, कोंबड्या तेवढ्या बोलायच्या. तुम्ही खाली मातीत बसलात. म्हणालात, "मी देवाले हात जोडत नाई, आमच्या घरी ते नाई. पन तुमचा नेम मी मोडला, म्हनून तुम्हाले जोडतो." आणि जोडलेत. मी ते सांगितलं. आजानं ते ऐकून घेतलं. मग बोलला. मला ते मराठीत करायचं होतं.

तो म्हणाला होता, गावातली सगळी पोरं प्याली, माझी नात प्याली नाही असं ती म्हणते. बाईंच्या हातानं दिलं, तर बाईंना ठाऊक असेल. विचार त्यांना, खरं काय.

मी तुम्हाला हे माझ्याच तोंडानं सांगितलं. जसंच्या तसं. दुसरं काही सांगायला बुद्धीच चालली नाही. ग्लास तुम्हीच भरून माझ्या हातात दिला होता, दोनदा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, किती वेळ ते माहीत नाही, मला वाटतं मी अजून तिथेच उभी आहे आणि तुम्ही अजून बघताय. मग तुम्ही आजाकडे वळलात आणि मराठीत, त्याला कळावं म्हणून सावकाश, म्हणालात, "नाई. तिनं नाई घेतलं." मी ते आमच्या बोलीत सांगितलं. खऱ्याला ध्यानात ठेवावं लागत नाही म्हणणाऱ्या माझ्या बाई खोटं बोलल्या आणि मी त्याचा अनुवाद केला.

आजानं मग निवाडा दिला. पोरं शाळेत येतील. पंडुमच्या दिवशी प्यालेल्या पोरांना आंबा सगळ्यात शेवटी मिळेल, बाईंनाही शेवटी. न प्यालेल्या पोरीला पहिला. पाहुण्या बाईंनी भाऊंकडून सगळं समजून घेतलं आणि विचारलं, आम्हालाही शेवटी मिळेल का? त्या खरोखर पाच दिवस थांबल्या, ओसरीवर झोपल्या, तुमच्या हातचा भात खाल्ला आणि हातमोजे घालून एकदा भगुणंही उतरवलं. पंडुमला साऱ्या गावासमोर आजानं पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. लोक कौतुकानं बघत होते. मी ती हातातच धरून उभी राहिले. तुम्ही पार शेवटी, प्यालेल्या पोरांच्या मागे, पदर सावरून रांगेत उभ्या होतात आणि पोरं तुम्हाला चिमटे काढत होती, कारण बाईंना रांगेत उभं राहिलेलं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही हसत होतात. मला त्या रांगेत यायचं होतं, बाई. आयुष्यात इतकं कुठेच यावंसं वाटलं नाही.

मदत बंद झाली नाही. त्या पाहुण्या म्हाताऱ्या बाई जिवंत असेपर्यंत चालू राहिली. तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत. मी रोज वाट बघायचे की आज बोलाल. तुम्ही नेहमीसारख्याच वेणी ओढायचात, नेहमीसारखंच म्हणायचात, "अक्षर पाय तुहं, मुंग्यायची रांग." फक्त दिवाळीनंतर चिठ्ठीत मी माझ्याबद्दल दहा वाक्यं लिहिली, त्यात एक होतं, मी नेहमी खरे बोलते. तुम्ही लाल पेननं तेवढ्या ओळीवर एक रेघ मारलीत. सरळ, पट्टी लावून. समासात लिहिलंत, 'हे राहू दे, बाकी छान आहे.' आणि चुलीवरचं भगुणं उतरवायला उठलात. पुढे डी.एड.ला गेले तेव्हा तोच पेन तुम्ही मला दिलात. शाई कधीच संपली होती. मी त्यात नवी कांडी घालून अजून पोरांच्या वह्या तपासते.

तुम्ही गेलात तेव्हा श्रावण होता. निरोप आला आणि नदी पुलावरून वाहत होती, भामरागड तुटलेलं. पाच दिवस मी अलीकडच्या काठावर येऊन पाणी बघायचे आणि परत जायचे. सहाव्या दिवशी पाणी उतरलं. नागभीडला पोचले तोवर घरात फक्त तुमची बहीण होती, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती विझलेली. त्यांनी मला जेवू घातलं. म्हणाल्या, "तू काय ती गायत्याची नात? ताई तुहं लय नाव घे." मी विचारलं, काय सांगायच्या? "सांगे, ते पोरगी माह्या तोंडाची जबान आहे म्हने." मी ताटावरून उठले. पुढचं त्यांना काय सांगणार होते?

ऊन आता खिडकीतून चुलीवर आलं आहे. वासानं डोळे पुन्हा जड होत आहेत, पण संस्थेचं पत्र लिहून टाकते, म्हणजे हो बघते म्हणायची पाळी येणार नाही. लिहीन की जीप पाठवू नये. पाहुण्या बाईंना मी पहाटे मोहाखाली नेईन, पोरं जिथे आहेत तिथे, आणि सांगेन की लाल रिबिनीची मुलगी आमची नाही, ती मी उसनी आणली होती, तिचं गाव रस्त्यावर आहे आणि रंगांची पेटी तिला तिथे जाऊन द्यावी. त्यांनी रागावून हात काढला तर काढला. तसं झालं तर काय करायचं ते मला माहीत नाही, आणि भीती फार वाटते. तुम्हालाही वाटली असेल. तुमच्या तोंडावर दिसली नाही एवढंच.

हे पत्र खोक्यात ठेवते आहे, जुन्या हातमोज्यांच्या खाली. त्यांना आता उंदरांनी भोकं पाडली आहेत. नागभीडला तुमच्या घरी दुसरे लोक राहतात, तिथे पाठवून काय उपयोग. एक मात्र तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाई, बहिणीजवळ माझं कौतुक केलंत त्यावरून कळतं. ग्लास तुम्ही पाहिले होते, खोटं तुम्ही झाकलंत, पण त्या सकाळी पोरं रांगेत काय कुजबुजली ते तुम्हाला समजलं नव्हतं. तुम्ही मला विचारलंत आणि मी म्हणाले, आणखी पाहिजे म्हणतात. मी माझा ग्लास तोवर रिकामा केला होता, मला पन्हं फार गोड लागलं होतं. ती पोरं मला म्हणत होती, तुला येतं ना त्यांचं बोलणं, बाईंना सांग, अजून पंडुम झाला नाही.